घडीआड दडलेला पॉलिप

कोलोनोस्कोपीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला की रुग्ण निर्धास्त होतो. पण दुर्बिणीचा कॅमेरा समोर पाहतो आणि मोठ्या आतड्याची आतली बाजू असते घड्याघड्यांची. घडीच्या पाठीमागचा पॉलिप त्याला दिसेलच असे नाही. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला. पहिल्या फेरीत सुमारे २२ टक्के पॉलिप निसटले होते! बहुतेक लहान, हे खरे. पण आतड्याचा कर्करोग बहुधा अशाच पॉलिपमधून वाढतो.

यावर आधी मागे वळून पाहणारा जादा कॅमेरा आला. पॉलिप जास्त दिसले, पण तो काढायच्या अवजाराचीच वाट या कॅमेऱ्याने अडवली. ‘एंडोकफ’ त्या मानाने साधा. दुर्बिणीच्या टोकावर बसणारे, मऊ काट्यांचे हे कडे. आत जाताना काटे मिटतात, बाहेर येताना उघडून घड्या सपाट करतात. ब्रिटनमधल्या १,७७२ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅडिनोमा, म्हणजे कर्करोगाकडे झुकू शकणारे पॉलिप, सापडलेल्यांचे प्रमाण ३६.२ वरून ४०.९ टक्के झाले. मात्र ही वाढ मुख्यतः शौचाच्या तपासणीत रक्त आढळल्याने आलेल्या रुग्णांमधली. सरसकट सर्वांना कडे लावा, असा अर्थ त्यातून काढणे घाईचे ठरेल.

आतडे नीट साफ नसेल किंवा दुर्बीण घाईने बाहेर ओढली, तर कडे तरी काय करणार? निदान आठ मिनिटे तरी बाहेर येताना द्यावीत, असा संकेत आहे. तेव्हा अहवाल घेताना आतडे किती साफ होते आणि पाहणीला किती वेळ दिला, हे विचारायला संकोच नको.