फलकावरचे डब्ल्यूबीएम आणि आपली ट्रॉली



को 86032 म्हटले की त्यातले 'को' म्हणजे कोइमतूर, तिथल्या संशोधन केंद्राची जात, हे आपल्यातला कोणीही सांगेल. वेकोलि म्हटले की बल्लारपूरच्या पोरालाही कोळशाची खाण कळते. पण गावाच्या वेशीवर रस्त्याच्या कामाचा फलक लागतो, त्यावर जीएसबी, डब्ल्यूबीएम, बीबीएम, ओजीसी असे काहीबाही लिहिलेले असते, आणि आपण "रस्ता मंजूर झाला" एवढेच समजून पुढे जातो. राजेहो, ऊसवाल्याने ही अक्षरे वाचायला शिकलीच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तोडलेला ऊस 24 तासांत गव्हाणीत पडायला हवा. ट्रॉली पांदणीत रुतून बसली तर वजनही घटते आणि उताराही.

जीएसबी हा खालचा थर, मुरूम-खडीचा. वरचा भार पसरवायचा आणि आत आलेले पाणी बाजूला काढून द्यायचे, हे त्याचे काम. वर्धा नदीकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उसाला चांगली, रस्त्याला वैरी. अशा मातीत हा थर चोरला गेला तर वर कितीही डांबर ओता, उपयोग नाही.

डब्ल्यूबीएम म्हणजे साधे खडीकरण. त्यातला 'एम' हा स्कॉटलंडच्या मॅकॅडम नावाच्या रस्ते बांधणाऱ्या गृहस्थाचा. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, फटीत बारीक कच आणि मुरूम भरायचा, पाणी मारून पुन्हा दाबायचे. यात डांबराचा थेंबही नसतो. फलकावरची यादी डब्ल्यूबीएमवरच संपत असेल, तर पुढे डांबर येईल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मोठ्या खडीचा थर 10 सेंटिमीटर, त्याहून बारीक खडीचा साडेसात, आणि तोही दाबल्यानंतर. सैल खडीला टेप लावून कोणी जाडी दाखवत असेल तर मान डोलवू नका.

बीबीएममध्ये खडी डांबराने बांधलेली असते. ओजीसी म्हणजे वरचे 2 सेंटिमीटरचे कार्पेट. ते सच्छिद्र असते, म्हणून त्यावर सीलकोट लागतोच. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सीलकोट राहिला तर पाणी सरळ खाली मुरते आणि पुढच्या हंगामात खड्डे तयार. डीबीएम, बीसी हे जड वाहतुकीच्या रस्त्यांचे थर, कोळशाचे आणि बांबूचे ट्रक चालतात तिथले. पांदणीवर ते शोधू नयेत.

डांबराचे आकडेही बदलले आहेत. पूर्वी 80/100, 60/70 असे लिहीत. सुई डांबरात किती रुतते त्याचे ते माप. आकडा लहान तितके डांबर घट्ट. 2006 पासून व्हीजी-10, व्हीजी-30 आले, आणि यात आकडा मोठा तितके डांबर घट्ट. उलटापालट कोणी केली देव जाणे, पण जुना जाणकारही इथे फसतो.

आता आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात रस्त्यावर मुद्दाम ट्रक चालवून चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला ढोबळ हिशेब असा की, आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. मोळ्यांवर मोळ्या रचून ट्रॉली हलवायची आणि मग ठेकेदाराला शिव्या घालायच्या, हे बरे नव्हे.

तरी फलक मराठीत, थराच्या नावासह आणि जाडीसह लिहिला जावा, ही मागणी ग्रामसभेत झालीच पाहिजे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कामाची पाहणी करता येते, कागद बघता येतात, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. हा नमुन्याचा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे.

ज्यांच्या हाती अंदाजपत्रकाची प्रत येईल त्यांनी ती गट कार्यालयात घेऊन यावे. ऊस नोंदीच्या दिवशी आम्ही तिथे असतोच, सोबत बसून वाचू.