हुकलेला एक चेंडू

मनुष्याची स्मृति ही मोठी लहरी न्यायाधीश आहे. वर्षानुवर्षें केलेलें उत्तम काम ती खुशाल एका बाजूस सारते आणि चारचौघांदेखत घडलेली एखादीच चूक उचलून तिच्यावरून सगळ्या आयुष्याचा निवाडा देते. इटलीचा विख्यात फुटबॉलपटु रॉबर्तो बाज्जो याच्या वाट्यास हा अन्याय जितका आला, तितका क्रीडाक्षेत्रांत क्वचितच कोणाच्या आला असेल.

सन १९६७ च्या फेब्रुवारींत उत्तर इटलींतील व्हिचेन्झा शहराजवळ काल्दोन्यो या गांवीं बाज्जोचा जन्म झाला. आठ भावंडांतला तो सहावा. व्हिचेन्झाच्या संघांतून त्याचा लौकिक वाढूं लागला आणि १९८५ सालीं फ्लोरेन्सच्या फिओरेन्तिना संघानें त्यास आपल्याकडे घेण्याचें ठरविलें. पण तो करार पुरा होण्याच्या सुमारासच एका सामन्यांत त्याच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. वय अवघें अठरा! गुडघ्यास दोनशेंहून अधिक टांके पडले. फिओरेन्तिनानें मात्र दिलेला शब्द मोडला नाहीं.

त्या खडतर वर्षांतच बाज्जो बौद्ध धर्माकडे वळला. तेराव्या शतकांतील जपानी आचार्य निचिरेन यांचा पंथ त्यानें स्वीकारला. या पंथाचा आधारग्रंथ ‘सद्धर्मपुण्डरीक’ हा मूळचा आपल्याच देशांतला. तो चिनी भाषांतरांच्या द्वारें जपानांत गेला आणि तेथून असा एका कॅथलिक देशांतील खेळाडूच्या हातीं आला. डोक्यामागें बांधलेल्या केसांच्या झुबक्यावरून इटालियन लोक बाज्जोस कौतुकानें ‘दिव्य शेंडी’ म्हणूं लागले. आपल्याकडे शेंडीचा मान ओसरत असतां परदेशीं तिला दिव्यत्व लाभावें, ही गंमतच म्हणावयाची!

१९९० सालीं फिओरेन्तिनानें त्यास तूरिनच्या युव्हेन्तुस संघास विकलें. तोंपावेतों कोणत्याहि खेळाडूस इतकी किंमत पडलेली नव्हती. फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर या विक्रीवरून दंगल उसळली व कित्येक लोक जखमी झाले. पुढल्याच वर्षीं युव्हेन्तुसच्या बाजूनें तो फ्लोरेन्सला खेळावयास आला, तेव्हां पेनल्टी मारण्याचें त्यानें नाकारलें. येथील गोलरक्षक आपली लकब ओळखतो, असें कारण त्यानें दिलें. पण मैदानाबाहेर जातांना प्रेक्षकांतून आलेला फिओरेन्तिनाचा जांभळा गळपट्टा त्यानें उचलून घेतला, तेव्हां त्याचें मन कोठें आहे हें सर्वांस कळलें.

१९९३ सालीं युरोपांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा सन्मान त्यास मिळाला आणि १९९४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत विश्वचषकाचे सामने भरले. नायजेरियाविरुद्ध इटली हरण्याच्या बेतांत असतां, खेळाच्या अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटास त्यानें गोल केला आणि वाढीव वेळेंत दुसरा करून सामना जिंकून दिला. स्पेनविरुद्धचा निर्णायक गोल त्याचाच. बल्गेरियाविरुद्धचे दोन्ही गोलहि त्याचेच. बाद फेरीच्या या तीन सामन्यांत इटलीनें केलेल्या सहा गोलांपैकीं पांच एकट्या बाज्जोचे होते!

१७ जुलै रोजीं पासादेना येथें ब्राझीलशीं अंतिम सामना झाला. बाज्जोचा पाय आधींच दुखावलेला होता. एकशें वीस मिनिटें खेळूनहि कोणाचा गोल झाला नाहीं. तेव्हां निकाल पेनल्टींवर आला. इटलीच्या बारेसीचा चेंडू वरून गेला, मास्सारोचा अडविला गेला. अखेर अकरा मीटरांवर ठेवलेल्या चेंडूपुढें बाज्जो उभा राहिला. त्यानें मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या खांबावरून निघून गेला आणि विश्वचषक ब्राझीलनें जिंकला.

जगाच्या लक्षांत राहिला तो मान खालीं घालून उभा असलेला बाज्जो. वस्तुतः त्याचा चेंडू जाळ्यांत गेला असता, तरी ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होतीच. शिवाय त्याच्या आधीं दोघे चुकले होते. पण ज्याच्यामुळें संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, त्याच्याच माथीं पराभव लिहिला गेला. अपेक्षा ज्याच्याकडून अधिक, त्यालाच क्षमा सर्वांत कमी, असा जगाचा उफराटा हिशेब आहे.

याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. त्या चेंडूचें शल्य आपणांस दीर्घकाळ छळीत राहिलें, हें बाज्जोनें कधीं लपविलें नाहीं. तथापि १९९८ च्या विश्वचषकांत चिलीविरुद्ध सामना हातचा जात असतां पेनल्टी मिळाली, तेव्हां तोच पुढें झाला आणि त्यानें गोल केला. फ्रान्सविरुद्ध पुन्हा पेनल्टींची वेळ आली, तेव्हां इटलीची पहिली पेनल्टी त्यानेंच घेतली व साधली. पुढें ब्रेश्या या लहान संघाकडे असतां, २००२ सालीं वयाच्या पस्तिशींत, पुन्हा गुडघा निकामी झाला. तीन महिन्यांच्या आंत तो मैदानांत परतला. तरी त्या वर्षीच्या विश्वचषकासाठीं त्याची निवड झाली नाहीं. १६ मे २००४ रोजीं मिलान येथें तो शेवटचा सामना खेळला, तेव्हां प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनींहि उभें राहून त्यास निरोप दिला. इटलीच्या अव्वल श्रेणींत २०५ आणि राष्ट्रीय संघासाठीं २७ गोल त्याच्या नांवावर जमा होते.

आपल्या घरोघरींहि असे हुकलेले चेंडू असतात. एका परीक्षेंत मागें पडलेला मुलगा, मोडलेल्या लग्नाची मुलगी, धंद्यांत बुडालेला भाऊ यांची ओळख करून देतांना आपण तेवढेंच सांगतों, आणि हळूहळू त्यांसहि तेंच खरें वाटूं लागतें. अपयश झालेंच नाहीं असें भासवावें, असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांचें दुःख त्यांना ठाऊक असतेंच. पुन्हा चेंडूपुढें उभें राहण्याचें धैर्य त्यांचें त्यांनाच आणावें लागतें. पण ते उभे राहतील, तेव्हां मागल्या चुकीचा उच्चार न करण्याइतकें औदार्य तरी आपल्यापाशीं असावें.