दंडारीची डीव्हीडी
भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे दिवाळीनंतरच्या मंडईतली, म्हणजे गावजत्रेतली, दंडार हे नाच-गाण्याचं लोकनाट्य; ती हल्ली मोबाइलवर टिपली जाते, पण घरच्या म्हाताऱ्यांना ती टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवरच बघायची असते. मग कोणीतरी एमपी४ फाइल तशीच डिस्कवर कॉपी करून देतो आणि प्लेअर ढिम्म हलत नाही. प्लेअरचं काही चुकत नाही. त्याला एमपेग-२ लागतं: आपल्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, तीही ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरात मांडलेली. फुकटातलं डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर तसं रूपांतर करून देतं. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोनेक तास बरे बसतात. रात्रभराची दंडार एकीतच कोंबली की नाच्याचा चेहराच पुसट होतो. सरळ तीन-चार डिस्क कराव्यात, आणि बर्न झाल्यावर फायनलाइज करायला विसरू नये.