दहा गुंठे द्या, कुत्र्यांसाठी!

घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात, गळ्यातला पट्टा सोडून, कोणाची बोलणी न खाता कुत्र्याला पाच मिनिटं पळवता येईल अशी जागा आमच्या भागात आहे का, याचा हिशेब मध्यंतरी एका शनिवारी मांडला. सोसायटीची बाग : 'कुत्र्यांना सक्त मनाई'. महापालिकेची बाग : दारातच वॉचमन काठी आडवी धरतो. टेकडी : तिथे मोर आहेत, ससे आहेत, त्यांच्या घरात आपलं कुत्रं मोकळं सोडणं मला स्वतःलाच पटत नाही. रस्ता : फूटपाथवर गाड्या, आणि दर कोपऱ्यावर तिथल्या भटक्या मंडळींची हद्द. बेरीज शून्य.

म्हणून आम्ही काही जण महापालिकेकडे कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली छोटी जागा मागतोय. सह्या गोळा करतोय. आणि जिथे जाऊ तिथे एकच वाक्य ऐकतोय, "अहो, इथे माणसांना जागा नाही आणि तुम्ही कुत्र्यांना बागा कसल्या मागताय?"

वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते आज जरा सविस्तर सांगणार आहे.

पहिली गोष्ट. जागा द्यायची की नाही हा प्रश्न तेव्हा योग्य असतो, जेव्हा येणारा अजून दारात उभा असतो. कुत्री कधीच आत आलेली आहेत. दर दुसऱ्या मजल्यावर एक लॅब्रॅडॉर नाहीतर बीगल आहे, बऱ्याच घरांत रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू आहे. महापालिकेला हे चांगलं ठाऊक आहे, कारण पाळीव कुत्र्याचा परवाना तीच देते आणि त्याची फीसुद्धा घेते. म्हणजे रेकॉर्डवर कुत्रं आहे, पावतीवर आहे, फक्त शहराच्या नकाशावर नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात युजरला लॉगिन द्यायचं आणि आत एकही स्क्रीन ठेवायची नाही. मग तो युजर काय करणार? जिथे फट सापडेल तिथून घुसणार. लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये, मुलांच्या घसरगुंडीजवळ. त्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. डिझाईन कोणाचं चुकलंय ते बघा.

दुसरी गोष्ट, आणि खरा मुद्दा हाच. ही जागा कुत्रं पाळणाऱ्यांपेक्षा न पाळणाऱ्यांना जास्त हवी आहे. लॅब्रॅडॉर हे मुळात शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून शोधून आणणारं कुत्रं. बीगल सशामागे धावणारं. हस्की बर्फात गाडी ओढणारं (हस्कीला पुण्याच्या एप्रिलमध्ये आणणाऱ्यांबद्दल मी वेगळं आणि कडक बोलेन, आज नको). या जनावरांना दिवसभर दोन बेडरूममध्ये कोंडायचं आणि संध्याकाळी दहा मिनिटं पट्ट्याला बांधून खाली आणायचं. साठलेली ताकद कुठेतरी बाहेर पडणारच. ती भुंकण्यातून पडते, अंगावर उड्या मारण्यातून पडते, पट्टा खेचण्यातून पडते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली तिचाही सूर हाच आहे : बागेतून सरसकट बंदी घालू नका, वेळा ठरवून घ्या, ज्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम मिळतो ते शांत राहतं.

आमच्या शेजारच्या विंगमध्ये गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो. दोन वर्षांची लॅब्रॅडॉर, स्वभावाने गरीब गाय. दिवसभर घरात. संध्याकाळी दार उघडलं की तोफेच्या गोळ्यासारखी सुटायची. एक दिवस जिन्यात समोरून आजी येत होत्या. कुत्री त्यांना चावली नाही, गुरगुरलीसुद्धा नाही, फक्त आनंदाने अंगावर गेली. आजी पडल्या, मनगट मोडलं, दोन महिने प्लास्टर. कमिटीची मीटिंग झाली, आरडाओरडा झाला, आणि शेवटी त्या कुटुंबाने कुत्री गावाकडे कोणालातरी देऊन टाकली. त्यांची सहावीतली मुलगी कितीतरी दिवस खाली खेळायला आली नाही. आणि आजी? त्या आजही जिना उतरायच्या आधी वरून वाकून बघतात, खाली कोणी आहे का.

आता यात दुष्ट कोण? आजींची तक्रार शंभर टक्के खरी होती. कुटुंबाने कुत्रीला जीव लावला होता. कमिटीवाल्या काकांना कोणाशी वैर नव्हतं. सगळी माणसं चांगली आणि निकाल सगळ्यांसाठी वाईट, असं होतं तेव्हा समजावं की व्यवस्थेतच काहीतरी राहून गेलंय. त्या कुत्रीला रोज अर्धा तास सुसाट पळायला जागा असती तर ती जिन्यात तोफगोळा झाली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण शक्यता खूपच कमी झाली असती एवढं तर कोणीही प्राण्यांचा डॉक्टर सांगेल.

आणि ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांनी तर या मागणीवर सगळ्यात आधी सही करायला हवी! आज कुत्रं कुठेही, कधीही समोर येऊ शकतं. कुंपण घातलं की निदान मोकळं कुत्रं कुठे असेल ते पक्कं कळतं. मग बाहेर पट्ट्याशिवाय कुत्रं दिसलं तर मालकाला खुशाल झापा, 'जागा कुठंय' ही सबब त्याच्याकडे उरणार नाही. कुंपण आतल्या कुत्र्यासाठी जितकं असतं, तितकंच ते बाहेरच्या माणसासाठीही असतं.

"पण मग सोसायट्यांनीच आपल्या आवारात करावं की," असं एका गृहस्थांनी सुचवलं. ऐकायला बरं वाटतं. नियमाने ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पण त्याच दहा टक्क्यांत घसरगुंडी, ज्येष्ठांचा कट्टा, लग्नाचं जेवण आणि गणपतीचा मांडव बसवायचा असतो. आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींना तर तेवढंही आवार नाही. हे काम वॉर्डाच्या पातळीवरचंच आहे.

हे काही जगावेगळं मागणं आहे असंही नाही. अमेरिकेत बर्कलीला ओलोनी पार्कमधला कुत्र्यांचा भाग १९७९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाला. जगातलं पहिलं डॉग पार्क म्हणून बहुतेक वेळा त्याचंच नाव घेतात. आणि तो कुठे आहे? भुयारी रेल्वे खालून गेल्यावर वर जी पट्टी उरली, तिथे. लांब कशाला जा, आपल्या शेजारच्या हैदराबादला महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला १.३ एकरावर डॉग पार्क केलं, खर्च साधारण १.१ कोटी. आधी तिथे कचरा टाकत असत. म्हणजे मोक्याचा प्लॉट कोणीच मागत नाहीये. मोठ्या बागेचा तो मागचा कोपरा असतो ना, जिथे वाळक्या फांद्या आणि मोडक्या बाकांचा ढीग पडलेला असतो, तो चालेल.

नक्की काय हवंय ते लिहूनच टाकतो, म्हणजे 'चोचले' हा शब्द वापरायच्या आधी लोक निदान यादी वाचतील. अमेरिकन केनेल क्लब एक एकर सुचवतो, म्हणजे चाळीस गुंठे. आम्ही दहा मागतोय. पाच फुटी जाळीचं कुंपण. एकामागे एक अशी दोन फाटकं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहील आणि कुत्रं रस्त्यावर सटकणार नाही. छोट्या आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे भाग. एक नळ, दोन-तीन झाडांची सावली, झाकणाचे कचऱ्याचे डबे. आणि पाण्याचा निचरा, कारण जुलैत चिखल साठला तर लेप्टोपासून गोचिडांपर्यंत सगळं आलं. कारंजं नको, पुतळा नको, उद्घाटनाची कोनशिला लावली तरी हरकत नाही :)

नियम कडक हवेत. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस यांचा कागद दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. चार महिन्यांखालची पिल्लं नकोत, माजावर आलेली मादी नको, आत खाणं नको. यातून एक फायदा आपोआप होईल. आज परवाना काढून मिळतं काय, तर एक कागद. उद्या परवान्यावर फाटक उघडायला लागलं की लोक स्वतःहून रांगेत उभे राहतील, आणि लसीकरणाची नोंदही सुधारेल. दंडाच्या भीतीपेक्षा हे जास्त चालतं.

आता भटक्या कुत्र्यांचा प्रश्न, जो प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. स्पष्ट सांगतो, डॉग पार्कने तो सुटणार नाही. तो नसबंदी आणि लसीकरणानेच सुटेल, २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम त्यासाठीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्यांच्याच भागात परत सोडायला सांगितलं (पिसाळलेली आणि हल्ला करणारी सोडून) आणि खाऊ घालायला वॉर्डावॉर्डात जागा ठरवायला सांगितल्या. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बस स्टँड अशा ठिकाणांहून कुत्री हलवायचा आदेश दिला. या आदेशांवरून लोक हमरीतुमरीवर आलेत. पण एक गोष्ट बघा, कुत्र्यांची जागा कुठे आणि माणसांची कुठे, हे आखून द्यावं लागेल हे आता देशातल्या सर्वात वरच्या कोर्टातही बोललं जातंय. आम्ही पाळीव कुत्र्यांपुरतं तेच म्हणतोय. आणि नसबंदीच्या पैशातला एक रुपयाही या कामाला वळवू नये, हे आमच्या निवेदनात पहिल्याच पानावर आहे. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तिथे काटकसर करायची नसते.

आता थोडं आपल्याच लोकांना. कुत्रं पाळणाऱ्या मंडळींनो, ही मोहीम जर कोणी बुडवणार असेल तर ते विरोधक नाहीत, तुम्ही आहात. सकाळी सहाला अंधाराचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या गेटसमोर कुत्र्याला बसवायचं आणि मोबाईलमध्ये बघत पुढे चालू लागायचं. खिशात पिशवी ठेवायला काय जातं? 'आमचा काही करत नाही हो' हे वाक्य तर आजपासून बंदच करा. समोरच्याला तुमचा काय करतो याच्याशी घेणं नसतं, त्याला त्या क्षणी भीती वाटलेली असते. आपण हक्काने जागा मागतोय, तर आधी रस्ता स्वच्छ ठेवून दाखवू. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कृपया आमच्या अर्जावर सही करू नये.

बाकी आपला समाज म्हणजे गंमतच आहे. देवघरातल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री चालतात, त्यांना रोज फूल वाहतो. जेजुरीला खंडोबाचं कुत्रं म्हणून नमस्कार करतो. आणि खालच्या बागेत एक आलं की मीटिंग बोलावतो. असो.

काम कसं होणार तेही सांगतो. पुणे महापालिकेत नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय २००६-०७ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, बहुतेकांना तो असतो हेच ठाऊक नसतं. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता दार ठोठावायला निदान दार तरी आहे. आमच्या कागदावर आतापर्यंत निम्म्याहून जास्त सह्या कुत्रं न पाळणाऱ्यांच्या आहेत, आणि त्यात मनगट मोडलेल्या त्या आजीसुद्धा आहेत. त्यांनी विचारलं, "आत ठेवणार ना पण नीट?" आम्ही हो म्हटलं, त्यांनी सही केली.

तेव्हा नगरसेवकांकडे आणि बाग खात्याकडे एकच मागणं. कायमचं काही देऊ नका. सहा महिने द्या, दहा गुंठ्यांवर. आधी आणि नंतर किती तक्रारी आल्या ते मोजा, आकडे गेटवर लावा. तक्रारी वाढल्या तर कुंपण उपटून दुसरीकडे न्या, आम्ही हुं की चूं करणार नाही. तारेचं कुंपण आहे साहेब, शनिवारवाडा नव्हे.