ब्रिज कोणाचा?

१/ काँट्रॅक्ट ब्रिज म्हणजे जिमखान्यातील श्रीमंतांचा विरंगुळा, हा समज त्याच्या जन्मकथेतून आला. १९२५ साली अमेरिकी धनाढ्य हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी जहाजप्रवासात त्याची गुणपद्धती आखली.

२/ युरोपातील क्लबांचा ‘चॅम्पियन्स कप’ २००२ साली सुरू झाला. त्याच्या विजेत्यांची यादी जपली जाते आणि तेवढाच इतिहास मानला जातो.

३/ नंदुरबारहून सातपुडा ओलांडून निमाडात उतरावे. खरगोन जिल्ह्यातील रायबिडपुऱ्यात १९६० च्या दशकात एका पशुवैद्यकाने ब्रिज शिकवला. शेतकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. गावचे खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांतही उतरले.

४/ मग हा खेळ केवळ श्रीमंतांचा कसा? शिकणारी पहिली पिढी सरत आली आहे. तिच्या आठवणी आताच लिहून घेतल्या नाहीत, तर ब्रिजचा इतिहास जिमखान्याबाहेर पडणारच नाही.