चंद्र आणि मम्मीचं ‘नको’

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत विषय निघाला होता: सामान्य माणसाला चंद्रावर जावंसं वाटेल का? हात वर करायला सांगितले तेव्हा ‘हो’साठी चारच हात वर झाले, त्यातला एक माझा. बाकीच्यांचं म्हणणं, आधी बेळगावच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवा, मग चंद्रावरच्या खड्ड्यांचं बघू. टाळ्याही त्यालाच पडल्या. माझी बोलायची पाळी आली तोवर चहा आला होता. म्हणून राहिलेलं इथे लिहिते.

खड्ड्यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. पैसा कशावर खर्च करावा, हा त्यातला प्रश्न. आपल्याला विचारलं होतं, ‘जावंसं वाटेल का?’ वाटायला काही पैसे पडत नाहीत.

आणि लोकांना वाटतं, हे एकदा दिसूनही आलंय. १९६४ मध्ये व्हिएन्नातला एक पत्रकार ट्रॅव्हल एजन्सीत गेला आणि त्याने चंद्राचं तिकीट मागितलं. एजन्सीने ती मागणी पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीकडे पाठवली आणि कंपनीने चक्क त्याचं नाव नोंदवून घेतलं. पुढे १९६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री अपोलो ८ चे अंतराळवीर चंद्राभोवती फिरत होते, त्यांनी तिथून बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या ओळी वाचल्या, आणि त्यानंतर चंद्राच्या तिकिटासाठी नावं नोंदवणाऱ्यांची रीघ लागली. १९७१ पर्यंत ९३ हजारांहून जास्त नावं झाली. प्रत्येकाला क्रमांक घातलेलं कार्ड मिळायचं, तेही फुकट. कंपनी १९९१ मध्ये बंद पडली. चंद्रावर कुणी गेलं नाही, पण कितीतरी जणांनी ती कार्डं जपून ठेवली.

अलीकडचंही उदाहरण आहे. जपानी उद्योगपती युसाकू माएझावा यांनी आठ जणांना स्वखर्चाने चंद्राभोवती फिरवून आणायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरातून दहा लाख अर्ज आल्याचं सांगितलं गेलं. निवडलेल्यांत आपल्या टीव्हीवरचा ‘बालवीर’ देव जोशीही होता. यान वेळेत तयार होईना, म्हणून जून २०२४ मध्ये तो बेत रद्द झाला. हे दहा लाख लोक काय सगळे अंतराळवीर होते? तिकीट फुकट आहे म्हटल्यावर इतके लोक पुढे आले, यावरून मला वाटतं की आपल्या बैठकीतल्या पुष्कळ ‘नाही’चा खरा अर्थ ‘परवडणार नाही’ असा होता. जे परवडत नाही ते ‘नकोच होतं’ म्हणायची आपल्याला सवय आहे.

बैठकीनंतर हाच प्रश्न मी घरी विचारला. पपा म्हणाले, रिटायर झाल्यावर बघू. आजीने आधी ‘तिथे चर्च आहे का?’ विचारलं. मी सांगितलं की चर्च नाही, पण अपोलो ११ मधल्या बझ ऑल्ड्रिन यांनी तिथे उतरल्यावर सोबत नेलेली भाकर आणि द्राक्षारस घेऊन प्रभुभोजन केलं होतं. ते कॅथलिक नव्हते, हे ऐकून तिचा उत्साह जरा उतरला. मम्मी मात्र लगेच म्हणाली, ‘‘नको गं. मला काय करायचंय तिथे?’’

या ‘नको’वर माझा विश्वास नाही. मम्मी बांगड्याच्या मधल्या तुकड्यालाही नको म्हणते, नव्या साडीलाही नको म्हणते. २०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला जायचं ठरलं, तेव्हाही आधी नकोच म्हणाली होती. कारण काय, तर चोर्ला घाटात बस लागते. लागलीच. दोनदा पिशवी पुढे करावी लागली. पण नंतर उन्हात रांगेत तीच सगळ्यांत पुढे, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सगळा वृत्तांत सांगणारीही तीच.

बस लागणारी बाई चंद्रावर कशी जाणार, असं हसून विचारता येईल. मग हेही ऐका: अपोलो ८ चे कमांडर फ्रँक बोरमन यांना जाताना यानात उलट्या झाल्या होत्या. ते हवाई दलातले कसलेले वैमानिक. चंद्रावरच्या धुळीला जळक्या बारुदीसारखा वास येतो म्हणे, म्हणजे दिवाळीच्या पहाटेचा आपला रस्ता. त्या धुळीने हॅरिसन श्मिट यांचं नाक चोंदलं होतं. म्हणजे शरीरं तिथेही आपल्यासारखीच. अपोलोच्या काळात बारा जण चंद्रावर चालले. बाराही पुरुष, बाराही अमेरिकन, आणि श्मिट हे भूगर्भशास्त्रज्ञ सोडले तर सगळे मुळात वैमानिक. ‘जावंसं वाटतं का’ असं स्वयंपाकघरातल्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं, मग तिला तरी ‘हो’ म्हणायची सवय कुठून असणार?

आपल्या भाषेने तर चंद्राला मामाच करून ठेवलंय, आणि सुट्टीत मामाकडे जायची रीतही आपलीच. पण मामाकडे जायचं ते लहानपणी. मोठं झाल्यावर सुट्टी मुलांची असते आणि आईला कामच वाढतं.

जायला भीती वाटते, असं ज्यांनी बैठकीत सरळ सांगितलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मलाही वाटते. वाटेत बिघाड झाला तर पृथ्वी पावणेचार लाख किलोमीटर मागे राहिलेली असते, हे आठवलं की माझा वर केलेला हात जरा खाली येतो. पण भीती वाटते म्हणून इच्छा नाही, असं होत नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरत होतं, तेव्हा मम्मी गॅस बंद करून टीव्हीसमोर येऊन उभी राहिली होती. उतरलं तसं तिने क्रुसाची खूण केली. जिला काही देणंघेणं नाही, तिचा गॅस बंद होत नाही.

परवा भांडी घासताना तिने आपणहून विचारलं, ‘‘जाऊन यायला किती दिवस लागतात गं?’’ अपोलो ११ ला आठ दिवस लागले होते, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आठ दिवस पपांच्या डब्याचं बघायला पाहिजे कुणीतरी.’’

तसं फुकट कार्ड आज कुणी वाटायला लागलं, तर मी दोन घेईन. दुसरं तिच्या नावाचं. ती ‘कशाला गं’ म्हणेल, आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून देईल.