फिरत्या घराचा उंबरठा

इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या घरीं फोक्सवॅगनची सुमारें पन्नास वर्षांची जुनी 'कॅम्पर व्हॅन', म्हणजे निजण्याची व रांधण्याची सोय असलेली मोटार, घेतली आहे. उन्हाळ्यांत सासूबाई व मामंजी भारतांतून यावयाचे आहेत. त्यांना मुलांसह तींतून स्कॉटलंड दाखवावें असा बेत आहे. सरकत्या दाराखालीं मात्र गंजाचे फोड दिसतात. लांबी भरून वरून रंग दिला तर चालेल काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

चालणार नाहीं. कां, तें सांगतों.

ही मोटार जर्मनींत १९५० सालीं निघूं लागली आणि १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी तींत घरगुती सामान बसवूं लागली. वेगळ्या सांगाड्यावर ठेवलेली पेटी असें हिचें स्वरूप नाहीं. पत्रे व खालच्या तुळया एकत्र सांधलेल्या असल्यामुळें सगळें अंगच भार वाहतें. दाराखालचा उंबरठा तर एकाआड एक अशा पत्र्यांचा, आंतून पोकळ असतो. इंग्लंडांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. तें खारें पाणी चाकांनीं उडून पोकळींत शिरतें. शिवाय आंत माणसें निजतात, चहा होतो; ती वाफ फळ्यांमागील थंड पत्र्यावर निवते. म्हणजे गंज बहुधा आंतून सुरू होतो. तो लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आंतलें काम पुष्कळ झालेलें असतें.

ब्रिटनमध्यें वार्षिक तपासणींत आसनाच्या पट्ट्याचा आधार, ब्रेक, सुकाणूं इत्यादींच्या ३० सेंटीमीटरच्या आंत भार वाहणारा पत्रा गंजून दुबळा झालेला आढळल्यास गाडी नापास होते. परंतु चाळीस वर्षांवरील, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांस २०१८ पासून ही तपासणी सक्तीची राहिली नाहीं. गाडी सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच आहे. परीक्षक नाहीं म्हणून परीक्षाच नको, असें समजणें घातक होईल. स्वखुशीनें तपासणी करवून घेतां येते. ती अवश्य करवावी.

आतां दुरुस्तीचा क्रम. मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों, तसा पत्रा ठोकून पाहावा व पेचकसाच्या टोकानें दाबावा. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो किंवा टोक आंत जातें. चाकांच्या कमानी, जॅक लावण्याच्या जागा, समोरच्या कांचेच्या रबराखालील कड व बॅटरीखालील तबक हीं ठिकाणें विसरूं नयेत. नंतर चकचकीत लोखंड लागेपर्यंत गंजका भाग कापून काढावा. हातचें राखून कापलें, तर काम दोनदां करावें लागतें. त्या जागीं तितक्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनें बसवावा. टांके दूर दूर घालीत जावें, नाहीं तर उष्णतेनें पत्रा वांकडा होतो. अंग खालून भक्कम तोलून धरावें आणि एका वेळीं एकच बाजू कापावी. तसें न केल्यास दारें पुढें नीट लागत नाहींत.

हें काम शिकलेल्या कारागिराकडूनच करवावें. तत्पूर्वीं गॅसची टाकी, पडदे, गाद्या व जवळच्या फळ्या काढाव्या, बॅटरी सोडवावी, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवावी. ठिणगी पत्र्यामागें पडून उशीरानें पेट घेते, म्हणून काम संपल्यावरही तासभर लक्ष ठेवावें.

सांधे झाल्यावर जस्तयुक्त अस्तर, सांध्यांवर लवचिक लुकण, मग रंग, आणि शेवटीं पोकळींत मेणाचा फवारा. खालचीं पाणी निचरण्याचीं भोंकें उघडीं ठेवावीं. नीटनेटकेपणाच्या हौसेनें तीं बुजविलीं, तर पाणी आंतच कोंडतें.

खर्च रंगापेक्षां कितीतरी अधिक येईल, हें खरें. परंतु त्याच उंबरठ्यावर पाय ठेवून सासूबाई चढणार आहेत व आसनाच्या पट्ट्याच्या भरंवशावर मुलें बसणार आहेत. काम वेळेवर झालें नाहीं, तर यंदा स्कॉटलंड आगगाडीनें पाहावें. मोटार पुढल्या वर्षीं न्यावी.